जुनी पोलो जीटी घेताय? आधी साल ठरवा, मग गाडी बघायला जा

फोक्सवॅगन पोलो जीटी हे नाव एकच असलं तरी २०१३ ते २०२२ या काळात त्या बॅजमागे चार वेगळी इंजिनं आणि तीन वेगळे गिअरबॉक्स विकले गेले. जाहिरातीत मात्र सगळ्यांचं वर्णन सारखंच असतं: सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल. नवा माणूस रंग बघतो, किलोमीटर बघतो, किंमत पाडून घेतो आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्ससाठी लाखाच्या घरातला अंदाजपत्रकाचा कागद हातात घेऊन उभा राहतो. म्हणून क्रम उलटा करा. पोलोचं साल म्हणजे पोलोचा गिअरबॉक्स. इंदूरसारख्या थांबत-चालत जाणाऱ्या शहरात तुम्ही खरं तर गिअरबॉक्सच विकत घेत असता, बाकीची गाडी त्याच्याभोवती येते.

पायरी १: कोणत्या सालात काय मिळतं

एप्रिल २०१३ मध्ये जीटी टीएसआय आली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, आणि सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच वर्षी जीटी टीडीआय आली: १.६ लिटर डिझेल, तेवढीच ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअरचा साधा मॅन्युअल. २०१४ च्या मध्यात फेसलिफ्ट झालं. पुढचा बंपर आणि दिवे बदलले, डिझेल १.६ वरून १.५ लिटरवर आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा चेहरा बदलला, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आली. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि इथे खरी रेघ पडते: डिझेल बंद, १.२ बंद, डीएसजीही बंद. त्यांच्या जागी १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय आलं, ११० पीएस, टॉर्क तोच १७५, आणि ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली.

आता निवड.

रोज शहरात चालवायची असेल, हीच घरातली एकमेव गाडी असेल आणि ऑटोमॅटिकच हवी असेल, तर २०२० ते २०२२ ची घ्या. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामधलं काम ऑइल करतं, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रांगत जाण्याचा त्याला त्रास होत नाही. तीन सिलिंडरची थोडी थरथर उभ्या गाडीत जाणवते, ती दोष नाही. याच इंजिनाला सहा गिअरचा मॅन्युअलही होता, पण तो हायलाइन प्लससारख्या नावांखाली; बॅजवर जीटी नाही म्हणून ती गाडी सोडू नका. चालवायची आवड असणाऱ्याने तर आधी तीच शोधावी. शेवटच्या 'लेजंड' आवृत्तीसाठी लोक जास्त पैसे मागतात. ते स्टिकरचे पैसे आहेत, यंत्रात काही वेगळं नाही.

चार सिलिंडरचा गुळगुळीतपणा आणि डीएसजीचे झटपट गिअर हवे असतील, तर १.२ ची २०१७ ते २०१९ मधली गाडी बघा. पण गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला ठेवूनच. किंमत ठरवतानाच ते धरले नाहीत तर ही गाडी महाग पडते.

२०१३ आणि २०१४ च्या सुरुवातीच्या डीएसजी गाड्या नवख्या माणसाने घेऊ नयेत. अपवाद एकच: मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा मेंदू, पुढे सांगितलंय) आणि क्लच पॅक बदलल्याची बिलं, त्यावर चॅसी नंबर आणि किलोमीटर, सगळं विकणाऱ्याकडे असेल तर. 'बदललंय साहेब' हे तोंडी चालत नाही.

बजेट कमी आणि हायवे जास्त, म्हणजे इंदूर-भोपाळ किंवा इंदूर-पुणे अशा फेऱ्या असतील, तर जीटी टीडीआय १.५ हा शहाणपणाचा सौदा आहे. त्यात डीएसजीची भानगडच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये उत्सर्जनाच्या प्रकरणात फोक्सवॅगन समूहाने भारतातल्या ३,२३,७०० डिझेल गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. त्याआधीची टीडीआय घेत असाल तर ते काम झालंय का, हे चॅसी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बेल्ट तुटला तर इंजिन आतून फुटतं, त्यामुळे बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

२०१६ मध्ये तीन दारांची पोलो जीटीआयही आली होती, १.८ लिटर, १९२ पीएस, फक्त ९९ गाड्या. समोर आली तर बघून आनंद घ्या, पहिली जुनी गाडी म्हणून घेऊ नका. तिचे बरेच भाग इथल्या पोलोला लागत नाहीत.

डीएसजी समजून घ्या, कारण पैसे इथेच जातात

१.२ मधल्या या गिअरबॉक्सचं नाव डीक्यू२००. त्यात दोन कोरडे क्लच असतात. के-१ हा १, ३, ५, ७ हे गिअर चालवतो. के-२ हा २, ४, ६ आणि रिव्हर्स. कोरडे म्हणजे त्यांना थंड करायला ऑइल नाही. बाइकवर हाफ क्लच धरून चढावर उभं राहिलं की क्लच जळल्याचा वास येतो ना, तेच काम हा गिअरबॉक्स इंदुरातल्या जवाहर मार्गावर संध्याकाळी साडेसहाला दर पाच फुटांवर करत असतो. तुम्ही ब्रेक थोडासा सोडून गाडी रांगवत नेता आणि क्लच आत घसरत राहतो. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर तापमान असताना ती उष्णता जायला जागा नसते.

दुसरा भाग म्हणजे मेकॅट्रॉनिक. गिअरबॉक्सचा मेंदू आणि हायड्रॉलिक पंप एकाच डब्यात. त्यात दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर असतो. तो जिथे बसवलेला असतो तिथे अॅल्युमिनियमच्या घराला चीर जाते, दाब टिकत नाही, पंप सतत पळत राहतो आणि एक दिवस डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं. स्कॅनरवर तेव्हा 'पी१७बीएफ' हा कोड दिसतो. हा कोड साठवलेला दिसला की बोलणी तिथेच थांबवा, किंवा मेकॅट्रॉनिकचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख सात-गिअरच्या डीएसजी गाड्यांमधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल घालायला घेतलं होतं. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-चालत वापरात, त्या सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. २०१३ च्या गाड्यांपासून लांब राहा असं म्हणण्यामागे हे एक कारण आहे. या गिअरबॉक्समध्ये ऑइल दोन ठिकाणी असतं: गिअरसाठी सुमारे १.७ लिटर आणि मेकॅट्रॉनिकसाठी वेगळं सुमारे १ लिटर. 'डीएसजी ऑइल बदललं' असं कोणी सांगितलं तर कोणतं, हा प्रश्न लगेच विचारा. उत्तर अडखळलं तर समजून जा.

पायरी २: साल खरं आहे का

गाडी '२०१८ ची' आहे म्हणजे २०१८ ला रजिस्टर झालेली. बनलेली २०१७ च्या मध्याची असू शकते, डीलरकडे उभी राहिली असेल. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, किंमत त्यावर ठरवा. चॅसी नंबरचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: डी म्हणजे २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. मॉडेल वर्ष कॅलेंडरच्या काही महिने आधी सुरू होतं, त्यामुळे वर्षाच्या उत्तरार्धात बनलेल्या गाडीवर पुढचं अक्षर दिसू शकतं. त्यात काही गैर नाही.

मग वाकून बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी शिवलेल्या लेबलवर बनल्याची तारीख असते. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची पुसट रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. पट्टा बाहेरून धुतला जातो, गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा सारख्या आहेत का बघा; एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला चारही टायर बदललेले असतील तर त्या पंचवीस हजारांवर विश्वास ठेवू नका.

१.२ वाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. हे इंजिन जगभरात दोन पिढ्यांत आलं. जुन्या पिढीत टायमिंग चेन, नव्या पिढीत बेल्ट. आरसीवरच्या इंजिन नंबरची पहिली तीन अक्षरं बघा: सीबीझेड असेल तर चेन, सीजेझेड असेल तर बेल्ट. चेनची गाडी असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते का, ते कान देऊन ऐकायचं.

पायरी ३: गाडी कुठून आली

एमपी ०९ म्हणजे इंदूर, पण इंदुरात चांगल्या गाड्यांवर एमपी ०७ खूप दिसतो. त्याचं कारण ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. मेळ्यात अनेक वर्षी नव्या गाड्यांवर रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळाली, अट एवढीच की रजिस्ट्रेशन ग्वाल्हेरला. त्यामुळे एमपी ०७ चा अर्थ गाडी ग्वाल्हेरला चालली असा होत नाही. सर्व्हिस कुठे झाली ते बघा.

डीएल नंबरच्या स्वस्त टीडीआय गाड्या ग्वाल्हेरमार्गे भरपूर येतात. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेलवर आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोलवर बंदीचा आदेश झाला, म्हणून त्या तिथून बाहेर पडल्या. मध्य प्रदेशात त्या चालतात, पण एनओसी वेळेत निघाली होती का आणि ती इंदूरच्या नावाने आहे का, हे पक्कं केल्याशिवाय टोकन देऊ नका.

पुण्याच्या गाड्यांचं इंदूरच्या मराठी घरांना विशेष आकर्षण असतं. मावसभाऊ तिथे आहे, तो बघून येईल, गाडी चाकणलाच बनायची, तिथे पोलो भरपूर. हे सगळं खरं आहे आणि पुण्याची गाडी वाईटही नसते. फक्त मावसभावाला हा लेख पाठवा आणि त्याच्यासोबत स्कॅनरवाला पाठवा. मुंबई-ठाण्याची असेल तर गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज बघितल्याशिवाय घेऊ नका. समुद्राची हवा पोटाखालून खाते.

पायरी ४: थंड गाडी, मग तापलेली गाडी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर तळहात ठेवणं. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, पण निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवा.

बॉनेट उघडून कूलंटची टाकी बघा. ते गुलाबी किंवा जांभळट असायला हवं. हिरवं किंवा गढूळ दिसलं तर कोणीतरी साधं कूलंट किंवा नळाचं पाणी मिसळलंय. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळ सुकलेली गुलाबी पावडर दिसली तर तिथून गळती आहे. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत काळा चिकट थर असेल तर सर्व्हिस उशिरा झाल्यात.

आता चालवा. सगळ्यात मोठी चूक इथे होते: विकणारा सुपर कॉरिडॉरवर नेतो, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं पळवून आणतो आणि गाडी लोण्यासारखी वाटते. डीएसजीचा आजार थंड असताना दिसत नाही. निदान ४० मिनिटं घ्या आणि सुरुवात राजवाड्याच्या गर्दीतून करा. जवाहर मार्गावरून रांगत जा. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो का? ब्रेक सोडल्यावर गाडी थरथरत पुढे जाते का? ती थरथर सीटमधून कमरेत जाणवते, कानाला ऐकू येत नाही, म्हणून गाणी बंद आणि एसी कमी ठेवा.

गाडी तापल्यावर पिपल्याहानाच्या पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. मग एखाद्या मॉलच्या तळघराच्या उतारावरून रिव्हर्समध्ये हळूहळू वर या. रिव्हर्स के-२ वर असतो. के-२ झिजला असेल तर इथे गाडी झटके देते. हे विकणाऱ्याला आवडत नाही, तरी करा. शेवटी सुपर कॉरिडॉर: चाळीसच्या वेगावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. टर्बोची ओढ एकसारखी यायला हवी. मध्येच ताकद गेली आणि इंजिनचा दिवा लागला तर टर्बोचा वेस्टगेट किंवा इग्निशन कॉइल तपासावी लागेल.

टीडीआय असेल तर खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे भेरूघाटाकडे न्या. तिसऱ्यात चढताना क्लच घसरतो का, म्हणजे इंजिनचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, एवढंच बघायचं.

खडबडीत रस्त्यावर पुढून टकटक आली तर स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश किंवा स्टॅबिलायझर लिंक. हे खर्च सोसण्यासारखे आहेत, भाव करायला वापरा, घाबरू नका.

पायरी ५: स्कॅनर

व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा फोक्सवॅगनच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत हवा. साधा ब्लूटूथ डोंगल गिअरबॉक्सच्या आत पोहोचत नाही. तीन गोष्टी करून घ्या. एक, सगळ्या मॉड्यूलचे साठवलेले कोड. सगळं नुकतंच पुसलेलं दिसलं तर तेही एक उत्तरच आहे. दोन, के-१ आणि के-२ क्लचची अॅडाप्टेशन मूल्यं (क्लचच्या झिजेचा अंदाज देणारे आकडे) वाचून ती गिअरबॉक्स ओळखणाऱ्याला दाखवा. तीन, कोडसोबत नोंदवलेले किलोमीटर. एखादा जुना बिघाड ९२,००० किलोमीटरला नोंदवलेला असेल आणि मीटर ६१,००० दाखवत असेल, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्या ओळखायला शिका. मोठा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, आणि आधी काहीतरी लावल्याच्या खुणा असलेल्या क्लिपा. रिमॅप वाईटच असं नाही, पण डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि रिमॅप त्याच्या जवळ नेतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत अशा गाडीवर 'टीडी१' खूण असू शकते. डीएसजीची रिमॅप केलेली गाडी नवख्याने घेऊ नये.

पायरी ६: कागद

आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७. इंदूरचं आरटीओ नायता मुंडल्याला आहे. बाहेरच्या राज्याच्या गाडीवर मध्य प्रदेशचा टॅक्स पुन्हा भरावा लागतो, आणि जुन्या राज्यातल्या उरलेल्या टॅक्सचा परतावा जुन्या मालकाच्या नावाने मागावा लागतो. परतावा तुम्हाला मिळणार की त्याला, हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्या. नवा टॅक्स किती बसेल ते आधी काढा. पुण्याची 'स्वस्त' गाडी इथेच महाग होते.

ई-चलन थकलंय का बघा. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, नाहीतर तुमचा सुरू होत नाही. विम्याची पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही, म्हणून प्रीमियमचा फरक धरून ठेवा.

गाडी घरी आल्यावर

जुनी बिलं कितीही चांगली असली तरी पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल बदला: १.२ ला ५डब्ल्यू-४०, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२ ०० मानांकन असलेलं. ऑइल, एअर आणि केबिन फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक फ्लुइड. ठरलेली सर्व्हिस १५,००० किलोमीटर किंवा वर्षाला असते. धूळ आणि ट्रॅफिक बघता ऑइल १०,००० ला बदललेलं बरं. टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, म्हणून व्हॉल्व्हवर काजळी बसते. उभ्या गाडीत इंजिन अडखळायला लागलं तर पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. व्हॉल्व्ह उघडून साफ करावे लागतात.

पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. २०१३ ते २०१९ च्या गाड्या ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या नाहीत. गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका आणि दर सर्व्हिसला इंधनाच्या रबरी नळ्या तपासायला सांगा.

आणि डीएसजी घेतलीच असेल तर घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला दोन गोष्टी शिकवा. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, तेव्हाच क्लच सुटतो. गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे इंच-इंच रांगू नका. एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग निघा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.